चौथ्या मजल्यावरची चिंधी

१ डिसेंबर, रविवार

आज दारावर पाटी लागली. वर 'मंदाबाई धुडकू बोरसे', खाली बारीक अक्षरात 'गायत्री'. दुकानदार म्हणाला, "भाड्याच्या फ्लॅटला पाटी कशाला, बेन?" मी म्हटलं, फ्लॅट भाड्याचा आहे, पाटी आमची आहे. रिक्षात ती मांडीवर धरून आणली आणि अक्षरं सरळ आहेत ना ते उतरल्यावर पुन्हा पाहिलं.

मायने प्रत्येक अक्षरावर बोट फिरवून नाव वाचलं. मग म्हणाली, "नाव दारना भाईर, नि मी घरमा."

मला हसू आलं. माय कधी कधी फार छान बोलते.

सुरतेतच लिंबायतहून भेस्तानला येऊन महिना झाला. चौथा मजला, लिफ्ट, संडास घरात, बाल्कनीत ऊन. लिंबायतच्या खोलीत माझा जन्म गेला, पण तिथे ऊन कधी आत आलं नाही. आबा लूमवर कापड विणायचे. ते गेल्यावर मायने साड्यांवर खडे चिकटवून मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि सचिन गावातल्या रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये बसून मालावर सही करणारी तर अख्ख्या भाऊबंदांत पहिली. ऑक्टोबरमध्ये मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थोडे महिने बारीक काम नको. मी मायला सांगितलं, थोडे महिने नाही, आता कधीच नाही. तू फक्त बसायचं. माय काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

एकच गोष्ट मनात टोचते. लिंबायतची खोली मायने अजून सोडलेली नाही. किल्ली तिच्या कमरेच्या पिशवीत असते. म्हणते, "होळीलोंग देखसू. करमनं तर करमनं." होळीपर्यंत मी असं घर करून दाखवीन की तिला ती किल्ली आठवणारही नाही.

आणि चिंधी. ती लिंबायतच्या गल्लीतली. पांढऱ्यावर काळे-पिवळे तुकडे, मार्केटमधल्या कटपीससारखे, म्हणून मायने ठेवलेलं नाव. खाली सबंध दिवस ट्रक असतात, गेटजवळ कुत्री आहेत. तिचं ऑपरेशन करून घेतलं आणि आता ती घरातली मांजर आहे. हे तिला अजून समजलेलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

बाल्कनीला जाळी बसवली. दाराला आपोआप लागण्याची स्प्रिंग लावली. आतल्या बाजूने कागद चिकटवला: 'दार उघडण्यापूर्वी चिंधी कुठे आहे ते पाहावे.'

माय म्हणाली, "कोन वाचाव हाई? मी का चिंधी?"

चिंधी दिवसभर उंबऱ्याशी बसते. आज दहाच्या सुमाराला तर अंगात आल्यासारखं करत होती. दाराकडे बघायची, मग मायच्या चपलांकडे, मग मायकडे, आणि ओरडायची. माय मान वळवून टीव्ही बघत बसली. टीव्ही बंद होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कचरा नेणारी बाई दहाला येते, तिच्या घंटेची सवय लागली असावी.

१२ डिसेंबर

पळाली होती. मी कामावरून आले तर चिंधी लिफ्टसमोर पाय चाटत बसलेली. जाळी तपासली, धड आहे. स्प्रिंगही चालते. मग गेली कुठून? मायला विचारलं तर म्हणाली, "मांजरले बी पाय शेतस ना."

मला रात्री नीट झोप लागली नाही. तिला काही झालं तर दोष माझा. तिला गल्लीतून उचलून मी आणलं.

२२ डिसेंबर, रविवार

दोन गोष्टी लिहून ठेवते.

एक, खलातला बत्ता पुन्हा दारामागे सापडला. मागच्या आठवड्यातही तिथेच होता. मायला म्हटलं, बत्ता इथे कसा? तर म्हणाली, नारळ फोडला. घरात नारळ नव्हता. माय विसरभोळी होत चालली आहे का? बासष्टाव्या वर्षी हे व्हायला नको. डॉक्टरांना विचारायचं.

दुसरी आनंदाची. मायच्या बोटांना अॅसिटोनचा वास येत होता. लॅबमध्ये रोज वापरते, मला चुकणार नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात तेच असतं. म्हणजे माय नखं रंगवते आहे आणि मी यायच्या आत लाजून पुसून टाकते आहे! आयुष्यभर जिची नखं गोंदाने भरलेली पाहिली ती आता आरशासमोर बसून नखं रंगवते. उधन्याच्या बाजारातून गुलाबी नेलपॉलिशची बाटली आणली आणि तिच्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवून दिली.

मायने बाटली उलटसुलट करून पाहिली. माझ्याकडे बघितलं. मग एकदम इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला.

एवढ्यासाठीच तर हे सगळं केलं.

३ जानेवारी

आज निळ्या रंगाचा लॉट नापास केला. शेड किंचित लाल मारत होती, निळ्यात तांबूस झाक. मॅनेजर अभिजीत साहेब म्हणाले, "किंचितच आहे ना? सही करून टाका, पार्टीचा ट्रक उभा आहे." मी कापडाचा तुकडा पुन्हा रंगवून पाहिला, खिडकीच्या उजेडात पाहिला. लालच मारत होता. सही केली नाही. ट्रक रिकामा गेला. साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. माझंच चुकलं असेल तर? नोकरीवर आलं तर हे घर कसं चालणार? मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं. जेवी ले."

तिला यातलं काय कळणार, असं वाटलं आणि वाटल्याची लाज वाटली.

७ जानेवारी

पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, त्याच लॉटचा नमुना मागवून त्यांच्याकडे तपासला. लाल मारतच होता. साहेब मुद्दाम लॅबमध्ये येऊन म्हणाले, "सारूं कर्युं, गायत्रीबेन." चांगलं केलंत म्हणे. मी मान खाली घालून परीक्षानळ्या धूत राहिले, पण धुतलेल्याच पुन्हा धूत होते.

आणखी एक. चिंधीच्या शेपटीच्या केसांत चमचमणारा खडा सापडला, साडीवरचा. गिळला असता तर! बटरपेपरमध्ये गुंडाळून लॅबमध्ये नेला. मागचा गोंद अॅसिटोनमध्ये विरघळला. खडे चिकटवण्याचाच गोंद. तसं तपासायची गरजच नव्हती, वास मी झोपेतही ओळखते. त्याच वासात मी पाढे पाठ केले.

म्हणजे चिंधी जिथे खडे चिकटवतात अशा कुठल्यातरी घरी जाते. इथे भेस्तानात लिंबायतचा वास शोधत फिरते बिचारी. तिला वाटत असेल, ते घर कुठे गेलं, तिथली माणसं कुठे गेली. मांजरांना उशिरा समजतं. मायचं तसं नाही, ती किती लवकर रुळली.

१४ जानेवारी, उत्तरायण

आजचा दिवस लक्षात राहील.

सकाळपासून सगळी सोसायटी गच्चीवर. वर भोंगे, पतंग कापला की 'काय्पो छे'च्या आरोळ्या, खाली प्रत्येक घराचं दार उघडं. तिळाची चिक्की द्यायला बी विंगच्या तळमजल्यावरच्या रुक्मिणीबेन आल्या. गेटजवळ भेटल्या की नेहमी म्हणतात, "कभी आवो ना नीचे." त्यांच्याशी बोलताना दार माझ्याच हाताने उघडं राहिलं. माझ्याच! चिंधी गेली.

सगळीकडे तुटलेला मांजा लोंबत होता, पायाला नुसता लागला तरी कातडी कापतो. जिने, गच्ची, पाण्याच्या टाक्यांमागे, सगळीकडे हाका मारत फिरले. लिफ्टमध्ये गुजरातीत कागद लावला: 'तीनरंगी मांजर हरवली आहे', खाली माझा नंबर. वॉचमन गोपालभाईंनी तो वाचला आणि हसले. "अरे, ये तो अपनी चिंधी है. इसको क्या ढूंढने का?"

तेवढ्यात माय मागून आली. "गोपालभाई, तुमारी चाय थंडी हो रही."

ते चहाकडे गेले. मी कागदावर चिंधीचं नाव लिहिलं नव्हतं. माझ्या हाका ऐकल्या असतील.

माय मला म्हणाली, "तू घर जाय. तोंड धू. मी देखस." मी म्हटलं, तुला इथलं काय माहीत, चुकशील, बी विंग कुठे तेही तुला ठाऊक नाही. ती म्हणाली, "जाय ना वं पोरी."

माझा चहा उकळतो न उकळतो तोच माय चिंधीला काखोटीला मारून परत आली. दोघी शांत. चिंधीच्या मिशांना चिक्कीचे तीळ.

एवढ्या गोंगाटात चिंधीने मायचा आवाज ओळखला असेल. माझी माय अशी आहे. मी रडले, तर म्हणाली, "हरावनी कोन व्हती? तूच हरायेल दिखस."

२८ जानेवारी

डॉक्टरांनी डोळा तपासला. उत्तम आहे म्हणाले, आता काहीही करा, सुईत दोरा ओवा. विसरण्याबद्दल विचारलं. त्यांनी मायला चार प्रश्न विचारले. मायने उत्तरं दिलीच, वर त्यांच्या कंपाउंडरचं गाव, त्याच्या बायकोचं माहेर आणि मागच्या वेळी त्यांनी कुठला शर्ट घातला होता तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "इनको कुछ नहीं हुआ है."

मग बत्ता?

बारीक कामाची परवानगी मी मनावर घेतलेली नाही. काळजी घेतलेली बरी.

९ फेब्रुवारी, रविवार

लिंबायतच्या खोलीच्या मालकाचा फोन आला. होळीनंतर त्यांना भाडेकरू ठेवायचा आहे, हो की नाही ते सांगा. माय म्हणाली, "सांगसू." किल्ली काढून हातावर तोलली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

मी विचारलं, माय, इथे काय कमी आहे? काय पाहिजे तुला, सांग, आणते.

ती चिंधीच्या कानामागे खाजवत म्हणाली, "आननी चीज नही शे ती."

नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. माझ्यात काहीतरी कमी पडतं आहे, आणि काय ते समजत नाही. अजून एक खुर्ची घ्यावी का बाल्कनीत?

२० फेब्रुवारी, गुरुवार

बॉयलर बंद पडला म्हणून दुपारी सुट्टी दिली. मायला आनंद होईल म्हणून फोन न करता आले.

दार उघडं. स्प्रिंगने लागू नये म्हणून फटीत बत्ता अडकवलेला. घरात माय नाही, चिंधी नाही.

डबा ओट्यावर टाकला आणि जिन्याने पळत खाली गेले, लिफ्टची वाट बघवली नाही. गोपालभाई जेवत होते. मी विचारायच्या आधी त्यांनी मानेनेच बी विंगकडे दाखवलं.

रुक्मिणीबेनचं दार उघडं होतं. बाहेर चपलांचा ढीग, त्यात मायच्या. गोंदाचा वास बाहेरपर्यंत. मी दाराच्या बाजूला थांबले. आत खाली पसरलेल्या जांभळ्या साडीभोवती बायका बसल्या होत्या, सुरती, उडिया, युपीच्या, आपल्याकडच्या. माय मधोमध, चष्मा लावून, एक पाय लांब करून, बोटांच्या चिमटीत खडा. चिंधी साड्यांच्या गठ्ठ्यावर पोट वर करून झोपली होती.

मला राग आला. खरंच लिहिते, आधी रागच आला. आत जाऊन तिचा हात धरून वर न्यावं असं वाटलं. पाऊल उचललंही होतं.

तेवढ्यात माय बोलत होती ते कानावर आलं. तिची ती हिंदी.

"सेठ बोला, बेटी, सही कर दे. मेरी गायत्री बोली, नै करूंगी. रंग लाल मारता है. सेठ बोला, मेरा तीन ट्रक खडा है—"

"मंदामासी, गये हप्ते दो ट्रक था!"

"पहले तो एक ही था," दुसरी म्हणाली. "होली तक पूरी मालगाडी हो जायेगी."

सगळ्या हसल्या. माय सगळ्यात मोठ्याने. तिचं असं हसणं मी लिंबायत सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला. नेलपॉलिशची बाटली आणली होती तेव्हा एकदा.

"हसो. पण माल लाल निकला के नै? निकला. सेठ को मेरी पोरी के पास आना पडा. वो दो बार देखे बगैर अपने बाप को भी पास नै करेगी."

रुक्मिणीबेन म्हणाल्या, "तो मासी, वो इधर आयेगी तो तुमको पास करेगी के नापास?"

"मेरे को? मेरे को तो कपाट में रख दिया है, नये बरतन के माफिक." पुन्हा हसणं. मग मायचा आवाज जरा खाली आला. "करने दो. इतने बरस मैंने उसको संभाला. अब उसको संभालने का शौक आया है. पोरी का मन रखना पडता है ना."

मी पाऊल मागे घेतलं.

वर गेले. दार लोटलं आणि बत्ता फटीत होता तसाच ठेवला, तिरपा. मग गेटबाहेर जाऊन बसस्टॉपवर बसले, रोजची वेळ होईपर्यंत. समोरून ट्रक जात होते. एकेक ट्रक गेला की मला हसू यायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. शेजारची बाई सरकून बसली.

नेहमीच्या वेळी घरी गेले. दार बंद, चिंधी उंबऱ्याशी, माय भाकरी थापत. "आज कसं गेलं?" मी म्हटलं, नेहमीसारखं. हे खोटं बोलणं झालं का? झालं. पण ती इतके दिवस माझ्यासाठी बोलते आहे, मी एक दिवस बोलले.

२१ फेब्रुवारी

सकाळी डबा शोधत होते, तर मायने धुऊन भरून हातात दिला. काल रात्री मी तो तिला धुवायला दिल्याचं काही आठवत नाही. कामावरून येताना हातात डबा होता की नव्हता? विसरण्याचं आता मलाच डॉक्टरांना विचारायला हवं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दाराची स्प्रिंग काढली. मायला म्हटलं, चिंधीची शेपटी अडकायची एखाद दिवशी. कागदही काढला.

मग तीनदा मनात म्हणून पाहिलेलं वाक्य बोलले. "माय, चिंधीचा घरात जीव कोंडतो. तिला दिवसा थोडा वेळ खाली जाऊ देत जा. पण एकटी नको सोडू, ट्रक असतात. तू जात जा तिच्यासोबत. बी विंगमध्ये त्या रुक्मिणीबेन आहेत, त्यांच्याकडे बसत जा पाहिजे तर. किती वेळ बसलात तरी चालेल. फक्त उजेड चांगला असला पाहिजे. डोळ्यांना. चिंधीच्या."

चिंधीच्या डोळ्यांना! मी कान लाल होईपर्यंत चिंधीकडे बघत राहिले.

मायने हातातली भाजी निवडणं थांबवलं नाही. "तू म्हनस तर जाई येसू," म्हणाली. "चिंधीकरता."

दहा वाजले. चिंधी चपलांकडे गेली. माय उठली, पदर खोचला. लिफ्टचं दार लागल्यावर आतून तिचा आवाज आला, चिंधीला काहीतरी सांगत होती. बत्ता आज खलातच होता. जाळी मात्र राहू दिली, मांजर ते मांजर.

एकटीने दारावरची पाटी पुसली. काय नाव आहे! मी उगाच माझं खाली बारीक घातलं असं नाही.

२ मार्च, रविवार

मायने लिंबायतच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. होळीच्या आधीच. "मालकले दी टाक. तठे आते कोन जास." आणि लगेच तवा कुठे ठेवला म्हणून मला ओरडली, जणू काही झालंच नाही.

मी विचारणार होते, कशाने ठरवलंस. बाल्कनीतल्या नव्या खुर्चीमुळे असेल असंही क्षणभर वाटलं. पण तिच्यावर चिंधीशिवाय कोणी बसत नाही. विचारलं नाही.

किल्ली द्यायला दोघी गेलो. येताना रिक्षात माय रिक्षावाल्याला सांगत होती, "भेस्तान ले लो. घर." पत्ता तिने सांगितला, मी नाही.

आता झोपायच्या आधी उद्याची पर्स भरत होते, तर कंपनीच्या ओळखपत्रावर काहीतरी चमकलं. माझ्या नावाच्या आधी, ग च्या शेजारी, एक खडा. अगदी सरळ रेषेत. नखाने खरवडून पाहिलं, निघत नाही. गोंद उत्तम आहे, काम त्याहून.

लॅबमध्ये अंगावर दागिना चालत नाही, नियम आहे आणि तो बरोबर आहे. अॅसिटोनने एका मिनिटात निघेल. तिथे बाटल्याच बाटल्या आहेत. पण अभिजीत साहेबांनी विचारलं तर सांगेन, हा दागिना नाही. दोनदा तपासून पास केलेला माल आहे.